शैला मॅडमचा हात

शैला, हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. टाळायला मला फार कष्टही पडले नाहीत. विचारणारी तू एकटीच होतीस आणि तू एकदाच विचारलंस.

गेल्या आठवड्यात तुझ्या बहिणीचा, निर्मलाताईंचा फोन आला. तुझ्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायची आहे, नातेवाइकांना आणि ऑफिसातल्या जुन्या लोकांना द्यायला. "सर, तुम्ही तिचे साहेब. चार चांगल्या ओळी लिहा." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "ते परीक्षेचं तेवढं नका लिहू. तिला फार लागलं होतं ते." मी हो म्हणालो. फोन ठेवला. ते परीक्षेचं सोडून तुझ्याबद्दल काही चांगलं लिहिण्याचा मला हक्कच नाही, हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं.

पुस्तिका वाचणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांना तू नक्की काय करायचीस हे कधी कळलं नाही. तुझ्या आईंनाही नाही. "आमची शैला लॅपटॉपवर बोटं फिरवती दिवसभर," असं त्या पिंपळगावात सांगायच्या, आणि ते काही खोटं नव्हतं. अंबडच्या त्या दोन खोल्यांत आपण सहा जण तेच तर करत होतो. लॅपटॉपच्या कळफलकाखाली जो गुळगुळीत चौकोन असतो, टचपॅड, त्याच्यावर बोटं कशी सरकवली म्हणजे ब्राउझरमधलं पुढचं पान यावं, कशी सरकवली म्हणजे मागचं, कोणत्या हालचालीनं टॅब बंद व्हावा आणि चुकून बंद झालेला कशानं परत यावा, हे ठरवणं आपलं काम. बाकीचे जेश्चर म्हणायचे. तू खुणा म्हणायचीस. "माणूस बोटानं काहीतरी सांगतोय सर, आपण फक्त ते नीट ऐकायचं."

आपला एक वाद तर शेवटपर्यंत मिटला नाही. तीन बोटं उजवीकडे सरकवली तर कोणता टॅब यावा, उजवीकडचा की डावीकडचा? मी म्हणायचो, उजवीकडे जायचंय म्हणून बोटं उजवीकडे नेली, तर उजवीकडचाच यायला हवा. तू म्हणायचीस, बोटाखाली कागद आहे असं धरा, कागद उजवीकडे ओढला तर डावीकडचा दिसणार. 

"तुम्ही एसटीत बसून झाडं पळताना बघणारे आहात सर."

"आणि तू?"

"मी झाड आहे. मला एसटी पळताना दिसते."

सगळे हसले होते. मी चिडलो होतो. आता माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी तुझी पद्धत लावून घेतली आहे. पटली म्हणून. पटली हे तुला कळवलं नाही, तेही न सांगितलेल्या गोष्टींत धर.

हात गोळा करायला, म्हणजे निरनिराळ्या लोकांच्या बोटांच्या हालचाली नोंदवायला, आपण पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये गेलो होतो, ते तुझ्यामुळे. मी कॉलेजच्या मुलांची बोटं नोंदवून समाधानी होतो. तू म्हणालीस, लॅपटॉप काय फक्त मुलंच वापरणार? द्राक्षं निवडणाऱ्या बायकांच्या जेवणाच्या सुट्टीत आपण लॅपटॉप मांडला. त्यांच्या बोटांची टोकं कोरडी, कात्रीनं घट्टे पडलेली. पॅडला ती बोटं कळेचनात. एक बाई म्हणाली, "बघ बाई, मशीनसुदिक आमाला वळखत नाय." तू तिथल्या तिथे पॅडची संवेदनशीलता वाढवलीस, आणि तिचं बोट उमटलं तेव्हा तिनं टाळीच वाजवली.

तुझ्या आई तिथेच कामाला होत्या. त्यांनी लॅपटॉपला हात लावला नाही, पण घड कसा निवडायचा ते मला दाखवलं. "मण्याला हात लावायचा नाय साहेब, त्याच्यावरची लव जाती. देठ धरायचा. खराब मण्याला कात्री टेकवायची, बघायचं, आन मंग कापायचं."

"टेकवल्यावर कशाला बघायचं? आधी बघितलेलं असतंच की."

"आधी बघितलेलं डोळ्यानं आसतं," त्या म्हणाल्या. "टेकवल्यावर हातानं बघायचं."

परत येताना तू गाडीत मांडीवर तीन बोटं टेकवून बघत होतीस. दुसऱ्या दिवशी टॅब बंद करण्याच्या खुणेत एक थांबा आला होता. तीन बोटं खाली ओढायची आणि क्षणभर तिथेच टेकवून ठेवायची, अर्ध्या सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात बोटं उचलली तर काही होणार नाही. टेकलेली राहिली तरच टॅब बंद. तू त्याला 'विनंती थांबा' नाव दिलंस. पॅकहाऊसमध्ये पुन्हा दाखवायला नेलं तेव्हा तीच टाळीवाली बाई म्हणाली, "हे आमच्या मालकाला शिकीव गं. त्यो कुठंच थांबत नाय." बायका इतक्या हसल्या की मुकादम बघायला आला.

ज्या लॅपटॉप कंपनीसाठी आपण हे करत होतो, तिचा माणूस नमुना बघायला आला, तेव्हा त्यानं चार वेळा टॅब बंद करून पाहिला आणि म्हणाला, "छान आहे, पण जरा संथ वाटतं." एवढंच. तो काढा म्हणाला नव्हता. पण संथ हा शब्द मला लागला. साठीला आलेला माणूस होतो मी, बाहेरच्या पोरांपुढे आपण मागे पडतोय ही भीती मला सारखी असायची. तुला म्हणालो, थांबा काढून टाकू. तू म्हणालीस, "सर, घाई करणाऱ्याचा जाणार किती, तर पापणी लवेपर्यंतचा वेळ. पण ज्याचा हात नुसता टेकलाय, त्याचं सगळं पान जाईल." मी म्हणालो, बघू. वाद अर्धा राहिला.

आपल्याकडे नव्या पॅडचा नमुना बसवलेला लॅपटॉप एकच होता. सगळे त्याच्यावरच काम करायचे आणि बदल ज्याच्या नावानं तो उघडलेला असेल त्याच्या नावे नोंदला जायचा. तू येता-जाता ओरडायचीस, "आपलं नाव बंद करून उठा रे, नाहीतर तुमची पापं माझ्या नावावर यायची." त्या दुपारी तुला पिंपळगावहून फोन आला. आई ओल्या फरशीवर घसरल्या, पाय मोडला. तू अर्धा डबा तसाच टाकून पळालीस. बाकीचे चौघे जेवायला बाहेर गेले होते. लॅपटॉप उघडा होता, तुझ्या नावानं.

मी तुझ्या खुर्चीत बसलो. ती अजून ऊबदार होती. थांब्याचा आकडा शोधला आणि तिथे शून्य लिहिलं. मिनिटभराचं काम. तू परत आलीस की सांगू, भांडलीस तर भांड, असं मनात होतं. तू आईंजवळ दवाखान्यात चार दिवस राहिलीस. तेवढ्यात सगळं कंपनीकडे रवाना झालं होतं.

पुढचं ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे, निदान तसं त्यांना वाटतं. त्या कंपनीचे लॅपटॉप सटाण्याच्या एका प्रशिक्षण वर्गात गेले. ऑनलाइन परीक्षेत मुली प्रश्न वाचताना बोटं पॅडवर टेकवून बसल्या, ती किंचित खाली सरकली आणि पेपर मिटला. परीक्षेची रचना अशी, की एकदा बाहेर पडलं की परत आत येता येत नाही. त्यांच्यातल्या एका मुलीचा फोन तू घेतलास. आवाज मोठा ठेवला होतास, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. "ताई, मना पेपर गायब हुई गया. मी काहीच करं नही." हे ती तीन वेळा म्हणाली. मी काहीच केलं नाही.

कंपनीनं विचारलं, हा बदल कोणी केला? मी नोंदीची प्रत पाठवली. स्वतःच्या हातानं खोटं एक अक्षर लिहिलं नाही. नोंदीत दिवस होता, वेळ होती आणि तुझं नाव होतं.

तू तो कागद कितीदा वाचलास. "सर, मला आठवत नाही. पण नाव माझं आहे. मी किती वाजता निघाले तेही आठवत नाही. घाबरलेली होते." मग स्वतःच्या हातांकडे बघून म्हणालीस, "माझ्याच हातून झालं असणार."

त्या वेळी मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

तू सटाण्याला जायचा हट्ट धरलास. मी बरोबर आलो. वर्गात सोळा-सतरा मुली बसल्या होत्या. तू उभी राहिलीस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "चूक माझ्या हातून झाली. तुमच्यातल्या कुणाचीही नाही." फोनवरची ती मुलगी उठून तुझ्यापाशी आली आणि तुझे जोडलेले हात तिनं खाली घेतले. "जाऊ द्या ताई, परत देसूत आम्ही परीक्षा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, ताईले रागावू नका." मी मान हलवली. नाही रागावणार, असं.

महिन्याभरानं परीक्षा परत झाली. तू त्याच्या आधीच काम सोडलं होतंस.

आता जे सांगायचं आहे ते तुला जिवंतपणी कळायला हवं होतं. तू काम सोडून गेल्यावरही तुझा हात ऑफिसात राहिला. आपण सगळ्यांच्या बोटांच्या हालचाली नोंदवून ठेवायचो, आणि नवं पॅड आलं की ती नोंद त्याच्यावर चालवायचो. पॅडवर कुणाचंच बोट नसताना पडद्यावर कर्सर हलायचा, टॅब सरकायचे, मिटायचे. सगळ्या नोंदींत तुझी सगळ्यात स्थिर होती. म्हणून तीच पक्की झाली. पुढे नवी माणसं आली, त्यांनी तुला कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकांना विचारायची, "शैला मॅडमचा हात लावला का?" लावला असेल आणि सगळं नीट चाललं असेल, तरच पॅड बाहेर जायचं. मी निवृत्त होईपर्यंत सात वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या टेबलावर तुझा हात काम करत होता. खूण करण्याआधी कर्सर एकदा गोल फिरवायची तुझी सवय होती. एखाद्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर तो तसा फिरला की मी मान वळवायचो. आपल्याच हाताचा भरवसा उरला नाही म्हणून जी घरी बसली, तिच्या हातावर आम्ही सगळ्यांचे हात पारखत होतो. मी तुझ्या घरापासून चार किलोमीटरवर राहत होतो आणि हे सांगायला आलो नाही. कारण हे सांगितलं असतं, तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

परवा, निर्मलाताईंच्या फोननंतर, नमुन्याचा तो जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला. निवृत्तीच्या वेळी मीच मागून घेतला होता. बदलांची ती नोंद डोळ्यांनी बघून मगच लिहावं, असं ठरवलं होतं. दुपारची वेळ, घरात मी एकटा. तिथेच तुझ्या बोटांच्या हालचालींच्या नोंदी होत्या, त्यांत एक अशी होती, जी मी कधी उघडली नव्हती. तारीख तुझ्या शेवटच्या दिवसाची. मी ती चालवली.

त्या नोंदीत बोटं दिसतात. म्हणजे प्रत्येक बोटाच्या जागी एक फिकट वर्तुळ, दाब वाढला की मोठं होणारं. तुझ्या मधल्या बोटाचं वर्तुळ नेहमी पुसट असायचं, लहानपणी त्याच्यावर कात्री लागली होती म्हणून. ते पुसट वर्तुळ उमटलं आणि मी खुर्ची पुढे ओढली. कर्सर एकदा गोल फिरला. तीन वर्तुळं खाली आली, टॅब मिटला, वर्तुळं क्षणभर टेकलेलीच. पुन्हा खाली आली, मिटला, टेकलेलीच. वीस-बावीस वेळा. मला हळूहळू आठवलं. तू त्या दिवशी सामान न्यायला आली होतीस आणि मध्येच लॅपटॉपपाशी बसलीस. थांबा काढलेला तसाच होता, टॅब लगेच मिटत होता, तरी तुझी बोटं दर वेळी टेकून राहत होती. तू स्वतःच्या हाताची परीक्षा घेत होतीस. थांब्याशिवाय चालणं त्या हाताला जमतं का, हे तू बघत होतीस. जमत नव्हतं.

शेवटच्या टॅबपाशी तीन वर्तुळं आली आणि तिथेच राहिली. टॅब मिटून गेला, पडदा रिकामा झाला, वर्तुळं तशीच. नोंद अडकली असं वाटलं. पण नीट बघितलं तर ती किंचित थरथरत होती. आणि मोठी होत होती. कुणीतरी बोटं दाबून धरली होती.

मग मला कळलं मी काय बघतोय. त्या नोंदीत आवाज नाही. पण तिथे, त्याच क्षणी, बोटं पॅडवर ठेवून तू मान वळवली होतीस आणि मला विचारलं होतंस, "सर, त्या दिवशी मी गेल्यावर ऑफिसात कोण होतं?"

मी लगेच उत्तर दिलं, असं मला अकरा वर्षं वाटत होतं. लगेच दिलं नव्हतं. तीन वर्तुळं किती वेळ तिथे होती, ते मी परवा मोजलं. नऊ सेकंद. नऊ सेकंद तू वाट बघितलीस आणि मी काहीतरी शोधत होतो.

मला ते बघवेना. नोंद चालू असताना खरं बोट पॅडवर टेकलं की ती थांबावी, अशी सोय तूच केली होतीस. मी बोट टेकवलं. माझंही वर्तुळ उमटलं, तुझ्या तिन्हींच्या शेजारी. नोंद थांबली नाही. मी दुसरं बोट टेकवलं, तरी नाही. लॅपटॉप जुना झालाय, सोय बिघडली असेल, मी आयुष्यभर यंत्रांतच राहिलेला माणूस आहे, मला दुसरं काही म्हणायचं नाही. फक्त झालं ते सांगतो. तुझी तीन आणि माझी दोन अशी पाच वर्तुळं रिकाम्या पडद्यावर शेजारी शेजारी होती आणि मला हात उचलता येत नव्हता. मग तुझं पुसट वर्तुळ आधी गेलं, मग बाकीची दोन, एकेक करून. म्हणजे तेव्हा मी म्हणालो होतो, "कोणी नव्हतं."

तू विश्वास ठेवलास. ठेवला नसतास तर बरं झालं असतं. तुझ्या दहाव्याला निर्मलाताई सांगत होत्या, की तुझ्या फोनमध्ये तुझे स्वतःचे फोटो चार-पाचच निघाले. बाकी हजारो फोटो कुलपाचे आणि गॅसच्या बटणांचे. घरातून निघताना रोज काढलेले. "रस्त्यात उघडून बघायची," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटायचं स्वभावच तसा." त्यांनी दोन-चार मला दाखवले. कुलूप नीट लागलेलं. बटण नीट बंद. पुढचा फोटो, पुन्हा तेच कुलूप, तारीख दुसरी. सगळ्या फोटोंत तू एकदाही चुकलेली नव्हतीस, शैला. मी फोन परत दिला आणि चहा न घेता निघालो.

निर्मलाताई, हा मजकूर आधी तुम्हाला देतो आहे. तुम्ही चांगल्या चार ओळी मागितल्या होत्या. तिच्याबद्दल माझ्याजवळ असलेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच आहे, की तिनं ती चूक केली नव्हती. छापा, आणि ऑफिसातल्या त्या चौघांना पुस्तिका आठवणीनं पाठवा.

शैला, तुझ्या आजारपणात मी एकदा आलो होतो. सिडकोतल्या तुझ्या घरापर्यंत रिक्षात मनाशी घोकत होतो, इतकं, की रिक्षावाला म्हणाला, "काय म्हणता बाबा?" तू उशाला टेकून बसली होतीस, मांडीवर लॅपटॉप, दवाखान्याचे रिपोर्ट उघडलेले. मला बघून हसलीस. "बरं झालं आलात सर. ही पानं तेवढी बंद करून द्या. मी केली तर भलतंच काहीतरी जायचं." मी तीन बोटांनी एकेक करून ती बंद केली. मग पेरू किती गोड निघालेत यावर्षी, असं काहीतरी बोललो. तुझ्या आई आतून म्हणाल्या, "साहेब, जेवूनच जावा." मी चपला घातल्या.

तू विचारलंस, "सर, काही सांगायचं होतं का?"

"नाही गं. सहज आलो होतो."

सहज आलो नव्हतो. रिक्षात पाठ केलं होतं ते एवढंच होतं: शैला, तू निघून गेल्यावर तुझ्या खुर्चीत मी बसलो होतो. थांबा मी काढला. तुझ्या हातून काहीच झालं नव्हतं. मला माफ कर.